मागची सीट

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या दिवशी मी गाडी बाहेर काढली. लेक गेल्यानंतर पहिल्यांदाच. तोवर ती आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगखाली, जिन्याशेजारी, उभीच होती. नवरा रविवारी सकाळी खाली जायचा, इंजिन सुरू करायचा, थोडा वेळ आतच बसून राहायचा आणि वर यायचा. बॅटरी उतरू नये म्हणून, असं तो म्हणायचा. मी खिडकीशी जात नसे.

बाबा कल्याणला एकटे राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथल्याच दवाखान्यात होतं आणि पुढचे काही दिवस त्यांनी आमच्याकडे राहायचं असं ठरलं होतं. डोळ्यावर पट्टी, रस्त्यावरची धूळ, रिक्षाचे हादरे. मी म्हटलं, मी गाडी घेऊन येते. फोनवर बाबा म्हणाले, "तुला जमेल ना?" गाडी चालवायला जमेल का, असं त्यांना विचारायचं नव्हतं, हे मला कळलं.

जमलं. जाताना जमलं, येतानाही पत्रीपूल ओलांडेपर्यंत जमलं. बाबा पुढच्या सीटवर काळा चष्मा लावून ताठ बसले होते. पुढे ठाकुर्लीच्या नव्वद फुटी रस्त्यावर वाहतूक पोलीस उभे होते. त्यातल्या एका हवालदार बाईंनी हात दाखवून मला कडेला घ्यायला लावलं. तरुण होत्या, तोंडावर रुमाल बांधलेला. त्यांनी नंबर मशीनमध्ये घातला आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली.

"मॅडम, गाडीची मुदत संपलीय. पासिंग नाही केलं?"

गाडी पंधरा वर्षांची झाली की आरटीओत नेऊन पुन्हा तपासून घ्यावी लागते, हे मला माहीत होतं. आम्ही ती सेकंड हँड घेतली होती, त्यामुळे तिची पंधरा वर्षं आमच्या हिशेबापेक्षा लवकर भरली. तसं हे सगळं नवरा बघायचा. इन्शुरन्स, पीयूसी, टायर, एकही तारीख तो चुकवत नसे. स्क्रीनवर मुदत संपल्याचा महिना दिसत होता. त्या महिन्यात आम्ही दोघं ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागाबाहेरच्या खुर्च्यांवर होतो. लेकीच्या छातीत कफ साचला होता आणि तो निघत नव्हता. त्या दिवसांत कुणी येऊन सांगितलं असतं की तुमच्या गाडीची मुदत संपत आलीय, तर आम्हाला ते वाक्यही समजलं नसतं.

मी नुसतं म्हटलं, "राहून गेलं."

त्यांनी बाजूचं सरकतं दार उघडलं आणि आत डोकावल्या. आत मागची सीट नव्हती. लोखंडी पट्ट्या बसवलेली मोकळी जमीन, चार कोपऱ्यांत हुक, बाजूला गुंडाळलेले पट्टे आणि मागच्या दाराला टेकून उभी केलेली पत्र्याची उतरण.

"सीट काढून माल भरता का गाडीत?"

प्रश्न रोजच्या कामातलाच होता. तसल्या गाड्या त्या दिवसभर बघत असणार. पण मी स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. उत्तर बाबांनी दिलं. मान न वळवता, कारण डॉक्टरांनी मान हलवू नका म्हणून सांगितलं होतं.

"माझ्या नातीची चाकाची खुर्ची असायची तिथे."

"मग आता?"

"आता नात नाही."

बाईंनी दार ओढून घेतलं, आवाज न करता, हळू. नंबर मशीनमध्ये गेल्यामुळे चलान तर करावं लागेल, असं त्या म्हणाल्या. मी मान हलवली. सीटबद्दल त्यांनी काही लावलं नाही. पावती मोबाइलवर येईल असं सांगून जाताना त्या खिडकीशी वाकल्या आणि म्हणाल्या, "पासिंग करून घ्या, ताई. नाहीतर दर नाक्यावर थांबवतील. दर वेळी हेच विचारतील." मॅडमची ताई झाले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

घरी पोचेपर्यंत बाबा एवढंच म्हणाले, की पट्टीच्या आत पाणी येऊ द्यायचं नसतं.

लेकीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. बोलता यायचं नाही, बसताना आधार लागायचा, हातापायांवर ताबा नव्हता. समजायचं मात्र सगळं. लहान होती तोवर मी तिला कडेवर घेऊन फिरले. पुढे कडेवर मावेना. ठाण्यातल्या विशेष मुलांच्या शाळेत तिला घेतलं तेव्हा प्रश्न आला, रोज न्यायचं कसं? नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत मेंटेनन्सला, तीन पाळ्यांची ड्युटी. म्हणून मी चाळिशीत गाडी शिकले. ही डब्यासारखी जुनी गाडी घेतली आणि नवऱ्याने तिची मागची सीट काढून टाकली. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी बसून त्याने जाड पत्र्याची उतरण केली, म्हणजे खुर्ची ढकलत आत चढवता येईल असा उतार. बिजागऱ्या लावून ती मागच्या दारात बसवली. जमिनीवर पट्ट्या ठोकल्या, खुर्चीची चाकं अडकवायला हुक केले. मध्येच मला बोलावून त्या खुर्चीत बसवलं, पट्टे बांधले आणि शेडभोवती गाडी फिरवली. मी हलतेय का, ते त्याला बघायचं होतं.

डोंबिवलीहून शिळफाटा, तिथून मुंब्रा बायपास आणि मग ठाणे. कितीतरी वर्षं हा आमचा रोजचा रस्ता. लेकीला तो पाठ होता. बायपासला उतार लागला की ती हसायला लागायची, म्हणजे घशातून एक लांब आवाज काढायची, आणि उतार संपला तरी तो आवाज थांबायचा नाही. सुट्टीच्या दिवशी गाडी निघाली नाही की दाराकडे बघून रडायची. मग नवरा पाळीवरून आलेला असला तरी तोंड धुऊन म्हणायचा, चल गं, एक चक्कर मारून येऊ. तो गाडी चालवायचा आणि मी तिच्याशेजारी खाली जमिनीवर बसायची. कधी टिटवाळ्यापर्यंत, कधी नुसतं स्टेशनच्या त्या बाजूला जाऊन परत.

तिला एकोणिसावं लागलं होतं.

चलान आलंय हे मी नवऱ्याला त्याच दिवशी सांगितलं. हवालदार बाईंनी काय विचारलं ते सांगितलं नाही. त्याने मोबाइलवर दंड भरून टाकला आणि कपाटातली गाडीची फाइल काढून बराच वेळ पुढ्यात घेऊन बसला. इतकी वर्षं कधी एक दिवस उशीर झाला नव्हता, असं तो फाइलकडे बघत म्हणाला. पुढच्या आठवड्यात रजा टाकून जाऊन येऊ, एवढं ठरलं. आधी पीयूसी करून घेतली, ब्रेक बघून घेतले. एजंट नको, आपणच जाऊ, असं तो म्हणाला.

कल्याणच्या आरटीओत आम्ही गेलो तेव्हा मैदानात गाड्यांची रांग होती. बहुतेक रिक्षा आणि टेम्पो, तपासणीसाठी धुऊन पुसून आणलेले. आमचीही गाडी नवऱ्याने आदल्या दिवशी धुतली होती. आतल्या जमिनीवरून ओलं फडकं फिरवलं होतं, लोखंडी पट्ट्यांच्या खाचांतूनसुद्धा.

तपासणारे साहेब आमच्याच वयाचे असतील. त्यांनी चेसिस नंबर बघितला, दिवे बघितले, हॉर्न वाजवायला लावला. मग मागचं दार उघडलं. उतरणीवर हात फिरवला, बिजागरी हलवून बघितली.

"कुणी केलंय हे काम?"

"मी," नवरा म्हणाला.

"चांगलं केलंय. कुणासाठी?"

"मुलीसाठी."

काम चांगलं आहे, पण त्याची नोंद आरसी बुकात नाही, असं साहेबांनी समजावून सांगितलं. दिव्यांग माणसासाठी गाडीत असा बदल करायला परवानगी असते, फक्त ती घ्यावी लागते. आम्ही ती घेतली नव्हती. तेव्हा शाळा सुरू व्हायची घाई होती आणि असं काही लागतं हे आम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. साहेब म्हणाले, अजूनही होईल, त्यात अवघड काही नाही.

"मुलीचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणा. आणि एकदा तिलाच घेऊन या गाडीतून. मी बघतो आणि नोंद करून देतो."

आम्हाला मदत करायची म्हणूनच ते बोलत होते. नवरा उतरणीच्या कडेवरून अंगठा फिरवत होता.

"तिला नाही आणता येणार, साहेब."

"का? बाहेरगावी असते?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मीच बोललं पाहिजे.

"ती वारली," मी म्हणाले.

हा शब्द मी तोवर वापरला नव्हता. सगळ्यांना सांगताना 'गेली' म्हणत आले होते. शाळेत सांगितलं तेव्हा 'गेली', गॅसवाला तिची खुर्ची दिसत नाही म्हणाला तेव्हाही 'गेली'. गेलेलं माणूस कुठेतरी असतं. त्या मैदानात, रिक्षांच्या रांगेत, मी पहिल्यांदा तो दुसरा शब्द बोलले आणि माझ्याच कानांना तो ऐकू आला.

साहेबांनी फाइल मिटली. मागच्या टेम्पोवाल्याला हाताने थांबायची खूण केली. मग नवऱ्याला त्यांनी तिचं नाव विचारलं. नवऱ्याने सांगितलं. साहेबांनी ते एकदा स्वतःशी उच्चारलं आणि म्हणाले, "गाडी मूळची होती तशी करून आणावी लागेल. सीट बसवा, हे सगळं काढा. माझ्याकडे दुसरा मार्ग नाही. असता तर दिला असता."

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, नकोच ते पासिंग. राहू दे गाडी उभी. घरी आल्यावर त्याने चहा तसाच ठेवला आणि पुन्हा तेच म्हणाला. त्याने स्वतःच्या हातांनी बसवलेलं तो स्वतःच्या हातांनी काढणार नव्हता. आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नव्हता. मलाही त्याचं पटत होतं. आठवडा तसाच गेला. रविवारी तो नेहमीसारखा खाली गेला, इंजिन सुरू केलं. या वेळी मी खिडकीशी गेले. तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला नव्हता. इंजिन चालू ठेवून, मागचं दार उघडून, उतरणीशेजारच्या मोकळ्या जमिनीवर पाय लोंबकळत सोडून बसला होता. गाडी जागच्या जागी थरथरत होती.

वर आल्यावर मी त्याला म्हटलं, "ती एक दिवस घरात राहिली तरी रडायची. तिची गाडी तू अशी बांधून ठेवणार?"

तो माझ्यावर चिडला. इतकी वर्षं झाली लग्नाला, असा आवाज त्याने माझ्यापुढे फार वेळा चढवलेला नाही. तिच्या नावाने मला समजवू नकोस, असं म्हणाला. मग अंघोळीला गेला आणि बराच वेळ आतून पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर त्याने माळ्यावरून पान्ह्यांची पेटी काढली.

मूळची सीटही माळ्यावरच होती. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, सुतळी बांधून ठेवलेली. विकू नकोस, कधी लागली तर, असं मीच म्हटलं असेन, आता आठवत नाही. सुतळी कापली तेव्हा आतून रेक्झिनचा वास आला. आमच्यापैकी तिच्यावर कुणी कधी बसलंच नव्हतं.

बोल्ट गंजलेले होते. पावसाळ्यात खुर्चीच्या चाकांबरोबर पाणी आत यायचं, ते तिथे साचायचं. नवऱ्याने त्यांवर तेल सोडलं आणि दोघं बिल्डिंगच्या पायरीवर बसून राहिलो. ऊन चढलं होतं. जाणारे-येणारे बघून जात होते. मग त्याने एकेक करून जमिनीवरचे हुक काढले, पट्ट्या काढल्या. मी ते एका पिशवीत भरत होते. शेवटी उतरण राहिली. तिच्या बिजागरीचे बोल्ट आतल्या बाजूला होते, ती खाली सोडल्याशिवाय काढता येणार नव्हती. नवऱ्याने कडी सरकवली. तेलकट हातातून पत्रा निसटला आणि उतरण जमिनीवर आपटली. धाड.

हा आवाज अख्ख्या बिल्डिंगला माहीत होता. शाळेतून आलो की रोज दुपारी तो व्हायचा. तळमजल्यावरच्या काकू तो ऐकून बाहेर यायच्या. लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडायच्या. कधी वाटीत पातळ केलेली खीर आणायच्या, चमच्याने भरवायच्या, आणि तिच्या हनुवटीवरून ओघळलेलं पदराने पुसायच्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण हा आवाज यायचा.

दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. भराभर आल्या, पदराला हात पुसत, तोंडावर हसू. दोन पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. त्यांनी रिकामी गाडी पाहिली, खाली बसलेला नवरा पाहिला, माझ्या हातातली पिशवी पाहिली. हसू उतरायला वेळ लागला. सवयीने उचललेला त्यांचा हात तसाच राहिला होता. मग त्यांनी तो भिंतीला टेकवला आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या.

"मला वाटलं..." एवढंच त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. नवरा पाठमोरा बसून बोल्ट काढत राहिला. त्याचा पाना बोल्टवर बसत नव्हता, सारखा घसरत होता.

उतरण शाळेला द्यावी असं आमच्या मनात होतं. मी फोन केला. तिथल्या बाईंनी मोजमापं विचारून घेतली आणि दुसऱ्या दिवशी कळवलं, की कुणाच्याच गाडीला ती बसणारी नाही, आता बहुतेक मुलं शाळेच्या बसने येतात. त्या फार हळुवारपणे बोलल्या. मी म्हटलं, काही हरकत नाही.

दुसऱ्यांदा आरटीओत गेलो तेव्हा तेच साहेब होते. त्यांनी सीट हलवून बघितली, जमिनीवरची भोकं बुजवली आहेत ना ते बघितलं. मग ड्रायव्हरच्या जागेवर बसले. ब्रेक दाबले, दिवे लावले, वरच्या आरशात पाहिलं आणि म्हणाले, "यात रस्ता दिसतच नाही."

खरंच दिसत नव्हता. तो आरसा मी वर्षानुवर्षं खाली वळवून ठेवला होता. रस्त्यासाठी मी बाहेरचे आरसे वापरायची. आतल्या आरशात मला तिचा चेहरा लागायचा. मान कलली का, तोंडाला फेस आला का, झोपली का, हसतेय का. साहेबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. कदाचित त्यांना ते उमगलं असेल. त्यांनी बोटाने आरसा वर ढकलला, मागची काच नीट दिसेपर्यंत, आणि खाली उतरले. कागदावर सही झाली. पुढची पाच वर्षं गाडी रस्त्यावर चालवायला मोकळी होती.

मी चालवायला बसले. नवरा पुढचं दार उघडेल म्हणून थांबले. तो फिरून गेला, बाजूचं सरकतं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसला. बरोबर मधोमध, जिथे तिची खुर्ची असायची तिथे. मी गाडी सुरू केली.

कल्याणच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत मागून काही ऐकू आलं नाही. मग पत्रीपुलाचा उतार लागला. मला आधी वाटलं, गाडीतूनच काही आवाज येतोय. मग कळलं, तो रडतोय. हॉस्पिटलमध्ये, स्मशानातून आल्यावर, दिवसकार्याला, कुठेच तो रडला नव्हता. सगळ्यांना पाणी देत फिरला होता, लोकांच्या चपला सरळ करत होता. आता मात्र तोंडावर हातही न धरता, मोठ्याने, लहान मुलासारखा रडत होता. मला गाडी कडेला घ्यावीशी वाटली. पण थांबले तर तो थांबेल, असंही वाटलं. म्हणून मी चालवत राहिले.

घराच्या वळणावर मी वळले नाही. तशीच पुढे मानपाड्यावरून शीळ रस्त्याला लागले. बऱ्याच वेळाने, कटई मागे पडल्यावर, तो बोलायला लागला. तिला सगळ्यात जास्त काय आवडायचं माहितेय का तुला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, उतार. तो म्हणाला, नाही, उतारानंतर तू मागे वळून बघायचीस ते. ती त्यासाठी हसायची. तू आरशातून बघायचीस तेव्हा नाही, सिग्नलला थांबून मान वळवून बघायचीस तेव्हा. मला हे माहीत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी मी मागे तिच्याशेजारी असायची तेव्हा तो पुढे असायचा. पण अधूनमधून त्याची सकाळची पाळी नसली की तो आमच्याबरोबर शाळेपर्यंत यायचा, मागे जमिनीवर बसून. तेव्हा त्याने हे पाहिलेलं होतं.

शिळफाट्याला सिग्नल होता. मी मान वळवून मागे पाहिलं. सीटवर माझा नवरा बसला होता, डोळे लाल, शर्टाची बाही ओली. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तसा तो म्हणाला, "चल, हिरवा झाला."